अर्थसंकल्प वेळेवर झाला नाही तर?

दरवर्षी ३१ मार्चला ठाण्याच्या जिल्हा कोषागारात उशिरापर्यंत दिवे जळत असतात. बिलांचे गठ्ठे येतात, तपासले जातात, शिक्के उठतात. जो पैसा त्या दिवसापर्यंत खर्ची पडला नाही तो 'लॅप्स' झाला, असे कचेरीच्या भाषेत म्हणतात. म्हणजे पैसा कुठे नाहीसा होत नाही. तो खर्च करण्याची परवानगी तेवढी संपते. रात्रीचे बारा वाजले की वर्षाची परवानगी सरली.

मग १ एप्रिलला सकाळी काय होते? सरकारी दवाखाना उघडतो, शाळा भरते, पोलीस चौकीवर शिपाई उभा असतो. या सर्वांचा मार्च महिन्याचा पगार एप्रिलमध्ये हाती पडतो, आणि म्हणून तो नव्या वर्षाच्या खात्यावर पडतो. आता समजा, नव्या वर्षाची परवानगी विधिमंडळाने अद्याप दिलेलीच नाही. चर्चा लांबली, निवडणूक आली, सरकार पडले. मग हा पगार कोणत्या अधिकाराने द्यायचा? दवाखान्यातले औषध कोणत्या पैशाने आणायचे? आज याच प्रश्नाचा थोडा उलगडा करावयाचा आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही, हे आधी सांगून टाकतो. अमेरिकेत तो वारंवार प्रत्यक्षात उभा राहतो. तिथले आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. २०२५ साली त्या तारखेपर्यंत तिथल्या काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, खर्चाला मंजुरी दिली नाही, आणि १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, एकूण ४३ दिवस, मध्यवर्ती सरकारची पुष्कळशी कचेरी बंद राहिली. लाखो नोकर बिनपगारी घरी बसले. ज्यांचे काम थांबवता येत नाही, उदाहरणार्थ विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणारे, ते पगाराविना कामावर जात राहिले. पुढे पुढे माणसे कमी पडू लागली तेव्हा विमानांची उड्डाणेही कमी करावी लागली. त्याआधी २०१८-१९ च्या हिवाळ्यात असाच बंद ३५ दिवस चालला होता.

आता कोणी म्हणेल, एवढा श्रीमंत देश, त्यांना एवढे साधे जमू नये? पण गोष्ट श्रीमंतीची नाही, कायद्याची आहे. तिथे १८८४ सालापासून असा कायदा आहे की, मंजुरी नसताना कोणत्याही खात्याने खर्च करू नये. तरीसुद्धा बरीच वर्षे मंजुरीला चार दिवस उशीर झाला तर कचेऱ्या काटकसरीने चालू राहत. १९८० साली तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलने लेखी मत दिले की, कायद्याचा अर्थ कडक आहे. मंजुरी नसेल तर दार बंद करावयास हवे. तेव्हापासून कुलुपे पडू लागली. शिवाय तिथला अध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडलेला असतो आणि काँग्रेसही ठरावीक मुदतीची. दोघांचे पटले नाही म्हणून कोणी घरी जात नाही. भांडण मिटेपर्यंत हाल होतात ते नोकरांचे आणि जनतेचे.

आपल्याकडे तिजोरीला असे कुलूप नाही की काय? आहे, आणि तेवढेच पक्के आहे. आपल्या संविधानाच्या २६६ व्या अनुच्छेदात राज्याच्या 'एकत्रित निधी'ची व्यवस्था सांगितली आहे. कर, शुल्क, कर्ज, जे काही सरकारला मिळते ते या निधीत जमा होते. आणि कायद्याने परवानगी दिल्याखेरीज त्यातून पैसाही काढता येत नाही. मुख्यमंत्र्यांना नाही, राज्यपालांना नाही, सचिवांना नाही. पैसा लोकांचा, म्हणून लोकांच्या प्रतिनिधींनी 'हो' म्हणावयास हवे. हे कुलूप फार मोलाचे आहे. ते तोडून टाकावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न इतकाच की, किल्ली वेळेवर सापडली नाही तर घरात चूल कशी पेटावी.

किल्ली फिरते कशी, तेही थोडक्यात पाहू. २०२ व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकार वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज विधिमंडळापुढे ठेवते. यालाच आपण अर्थसंकल्प म्हणतो. मग २०३ प्रमाणे एकेका खात्याची मागणी विधानसभेत येते: शिक्षणाला इतके, आरोग्याला इतके, पाटबंधाऱ्यांना इतके. सभा त्यावर बोलते आणि मत देते. ज्या खर्चावर मत घेतले जाते त्याला 'दत्तमत' खर्च म्हणतात. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांसारख्या काही बाबी 'भारित' असतात; त्यांवर चर्चा होऊ शकते, मत घेतले जात नाही. शेवटी २०४ प्रमाणे या सर्वांचा मिळून एक विनियोजन कायदा होतो. तो झाला की कुलूप उघडले. भारित खर्चालासुद्धा हा कायदा लागतोच.

हे सारे नीट करायचे तर वेळ लागतो. अंदाज फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्च तर समोर उभा. घाईने मंजुरी द्यावी तर चर्चा राहते. चर्चा करावी तर तारीख जाते. या पेचातून वाट काढण्यासाठी संविधानकारांनी २०६ वा अनुच्छेद लिहिला. त्याचे नाव लेखानुदान. संसदेसाठी हीच तरतूद ११६ व्या अनुच्छेदात आहे.

लेखानुदान म्हणजे काय, हे घरातल्या उदाहरणाने चटकन कळेल. सासूबाई महिनाभर काशीयात्रेला निघाल्या आहेत. दिवाळीला काय खरेदी करायचे, घराला रंग काढायचा की नाही, हे सारे त्या परत आल्यावर ठरायचे आहे. पण तोपर्यंत घर बंद ठेवता येत नाही. म्हणून जाताना त्या सूनबाईंच्या हाती महिन्याचे पैसे देतात: वाणी, दूधवाला, विजेचे बिल, मुलांची फी. "एवढ्यात भागव, नवे काही काढू नकोस." हे झाले लेखानुदान. मोठा निर्णय पुढे ढकलला, पण चूल थंड पडू दिली नाही. आणि पैसे दिले तेही हिशेबाने, मोजून, मुदतीपुरते. विधानसभाही तेच करते. वर्षाच्या काही महिन्यांपुरती रक्कम आगाऊ मंजूर करते, त्यापुरता छोटा विनियोजन कायदा होतो आणि पुरी चर्चा मागाहून होते. त्या काळात चालू कामे चालतात. मोठी नवी योजना काढू नये, असा संकेत आहे.

ही सोय कागदावरची नाही. आपण ती अनेकदा वापरली आहे. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी केंद्राचे अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. जुनी संसद जाणार, नवी यावयाची. अशा संधिकाळात त्यांनी फेब्रुवारी १९५२ मध्ये हंगामी अंदाज मांडला आणि नवी लोकसभा आल्यावर मे महिन्यात पूर्ण अर्थसंकल्प. तेव्हापासून ती वाट मळलेली आहे. किंबहुना २०१६ पर्यंत केंद्राचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी येत असल्यामुळे दोन महिन्यांचे लेखानुदान ही दरसालची रीतच होऊन बसली होती. २०१७ पासून तारीख १ फेब्रुवारीवर आणली, ती ३१ मार्चपूर्वी सारे उरकावे म्हणून.

महाराष्ट्राचे अलीकडचे उदाहरण घ्या. २०२४ साली लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. ठाणे आणि कल्याण या दोन्ही मतदारसंघांत २० मे रोजी मतदान झाले. त्या वर्षी त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडला आणि विधिमंडळाने चार महिन्यांच्या खर्चाला लेखानुदान दिले. पूर्ण वर्षाचा अर्थसंकल्प आला तो २८ जूनला. मधल्या काळात, म्हणजे अख्खा एप्रिल, मे आणि जवळजवळ सारा जून, राज्याला वर्षाचा मंजूर अर्थसंकल्प नव्हता. ठाण्यातल्या किती लोकांना हे जाणवले? फारसे कोणालाच नाही. निवृत्तिवेतन मिळाले, शाळा चालल्या, पोलीस बंदोबस्ताला उभे राहिले. व्यवस्था चांगली असली की ती दिसत नाही, म्हणतात ते असे.

आता कोणी शंका काढील: लेखानुदान द्यायलाच सभा नसेल तर? विधानसभा विसर्जित झाली असेल तर? त्याचीही तरतूद आहे. राष्ट्रपती राजवट असताना राज्याच्या विधिमंडळाचे काम संसदेकडे जाते. महाराष्ट्रात १९८० साली १७ फेब्रुवारीपासून ९ जूनपर्यंत राष्ट्रपती राजवट होती. म्हणजे आर्थिक वर्षाचा सांधा नेमका तिच्यातच आला, आणि राज्याच्या पैशाचा प्रश्न मुंबईऐवजी दिल्लीत सोडवावा लागला.

त्याहून बिकट प्रसंग उत्तराखंडात आला. १८ मार्च २०१६ रोजी तिथल्या विधानसभेत विनियोजन विधेयक मंजूर झाले की नाही, यावरच वाद माजला. अध्यक्ष म्हणाले झाले. विरोधक आणि सत्ताधारी पक्षातले काही बंडखोर म्हणाले मतमोजणी मागितली होती, ती दिलीच नाही. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. वर्ष संपायला चार दिवस! तेव्हा संसदेचे अधिवेशन संस्थगित करून ३१ मार्चला राष्ट्रपतींनी लेखानुदानाचा अध्यादेश काढला, आणि १ एप्रिलला त्या राज्याची तिजोरी बंद पडली नाही. पुढे मे महिन्यात विश्वासमत होऊन सरकार परत आले. वाद कोणाचा खरा, हा आजचा विषय नव्हे. वर राजकारणाचे वादळ चालू असताना खाली शिक्षकाचा पगार अडला नाही, एवढे ध्यानात घ्या.

आपल्या राज्याच्या जन्मवेळीही ही काळजी घ्यावी लागली होती. महाराष्ट्र झाला १ मे १९६० रोजी. आर्थिक वर्ष सुरू होऊन महिना लोटला होता. एका राज्याची दोन राज्ये व्हायची, एका तिजोरीच्या दोन तिजोऱ्या व्हायच्या. म्हणून मुंबई पुनर्रचनेच्या कायद्यातच खर्चाच्या अधिकाराची सोय करून ठेवली होती. संयुक्त महाराष्ट्राचा आनंदोत्सव चालला असताना कुणीतरी कारकुनाच्या पगाराचाही विचार करीत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे बंद पडत नाही याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले असे की, अर्थसंकल्प हे धनविधेयकाचे काम. विधान परिषद ते १४ दिवसांपेक्षा अधिक अडवून धरू शकत नाही, आणि तिच्या शिफारशी मान्य करायच्या की नाही हे विधानसभा ठरवते. ऑस्ट्रेलियात १९७५ साली वरच्या सभागृहाने पैसे अडवले. त्यातून एवढा पेच झाला की ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केले. दुसरे कारण असे की, आपल्या पद्धतीत जे सरकार सभेकडून पैसे मंजूर करून घेऊ शकत नाही त्या सरकारला राहण्याचा अधिकारच उरत नाही. कोंडी फुटते, कारण एकाला घरी जावे लागते.

बेल्जियमची तऱ्हा आणखी निराळी. २०१०-११ मध्ये तिथे निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवे सरकारच बनले नाही. पण कचेऱ्या चालल्या, कारण तिथे गेल्या वर्षाच्या अंदाजाचा बारावा हिस्सा दरमहा खर्च करण्याची परवानगी घेण्याची रीत आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सारे आबादीआबाद आहे. तसे मात्र नाही. तिजोरी बंद न पडणे ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी गोष्ट म्हणजे परवानगी खरोखर विचार करून दिली गेली का? सभेत चर्चेचे ठरलेले दिवस संपले की, ज्या मागण्यांवर चर्चा झालीच नाही त्या सर्व एकदम मताला टाकतात. याला 'गिलोटिन' म्हणतात. तारीख पाळली जाते, पण हजारो कोटींचा खर्च एक शब्दही न बोलता मंजूर होतो. कुलूप आहे, किल्ली आहे, पण किल्ली फिरवणाऱ्याने पेटीत डोकावून पाहिले नाही, तर कुलपाचा उपयोग काय?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना तर हा प्रश्न आणखी जवळून माहीत असावयास हवा. ठाणे महानगरपालिका १९८२ च्या ऑक्टोबरात झाली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ च्या ऑक्टोबरात. दोन्हींना १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू आहे. त्या कायद्यातही तिजोरीला तसेच कुलूप आहे: चालू वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद असल्याशिवाय, काही ठरावीक अपवाद सोडून, आयुक्तांना पालिका निधीतून पैसे देता येत नाहीत. क्रम असा की, आयुक्त अंदाज तयार करतात, स्थायी समिती तो तपासते, आणि महासभा मंजूर करते. पुढच्या वर्षाचे कराचे दर महासभेने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत, असेही कायदा सांगतो. म्हणजे एकाने मांडायचे, दुसऱ्याने तपासायचे, तिसऱ्याने मान्य करायचे.

पण गेल्या काही वर्षांत काय झाले? कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याच्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये. आधी करोनाची साथ, मग आरक्षण आणि प्रभागरचना यांचे न्यायालयीन वाद. निवडणुका लांबतच गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला, आणि प्रत्यक्ष मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. या मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे, महासभेचेही त्यांच्याकडे. अंदाजपत्रक मांडणारा हात आणि मंजूर करणारा हात एकच. कल्याण-डोंबिवलीत २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत पाच अंदाजपत्रके अशी झाली. ठाण्यातही २०२३-२४ पासूनची तीन तरी अशीच.

यात कोणा अधिकाऱ्याला दोष द्यावयाचा नाही. त्या वर्षांत कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय उघडे होते, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय उघडे होते, नळाला पाणी येत होते, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या. एक दिवसही कचेरी पैशाअभावी बंद पडली नाही. पण रस्ता आधी की गटार आधी, उद्यान हवे की दवाखान्यात आणखी खाटा, हे विचारण्यासाठी नागरिकाने निवडून दिलेला माणूस सभागृहात नव्हता. अमेरिकेत परवानगी मिळाली नाही म्हणून काम थांबले. इथे काम थांबले नाही, पण परवानगी देणारेच नव्हते. पहिला रोग बोंबलून उठतो, सर्वांना कळतो. दुसरा मुका असतो, म्हणून त्याला अधिक जपावे लागते.

तेव्हा चांगली व्यवस्था कोणती, याची कसोटी दुहेरी आहे. पहिली: लोकप्रतिनिधींच्या दिरंगाईची शिक्षा रुग्णाला, शिक्षकाला, सफाई कामगाराला होता कामा नये. त्यासाठी लेखानुदान आहे, आणि ते थोडे, मुदतीचे व हिशेबी असावे. दुसरी: घर चालू ठेवण्याची सोय इतकीही सोपी होऊ नये की, मालकाला विचारण्याची सवयच मोडावी. सूनबाईंना महिन्याचे पैसे द्यावेत. पण सासूबाईंनी पाच वर्षे यात्रेतच राहू नये!

याकरिता नागरिकाने करावयाचे काम अवघड नाही. दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात: २० फेब्रुवारी आणि ३१ मार्च. पहिल्या तारखेच्या आधी आपल्या नगरसेवकाला विचारावे, कराचा दर काय ठरणार, आणि आपल्या प्रभागासाठी मागणी काय केली आहे? दुसऱ्या तारखेच्या आधी आपल्या आमदाराला विचारावे, कोणत्या खात्याच्या मागणीवर तुम्ही बोललात? अंदाजपत्रकाचे पुस्तक जाडजूड असते खरे; पण सारे वाचावयाचे नाही. आपल्याशी संबंध असलेले एक पान काढावे: पाणी, शाळा, दवाखाना, काय असेल ते. गेल्या वर्षी किती मंजूर झाले, किती प्रत्यक्षात खर्च झाले आणि यंदा किती मागितले, हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. त्या तीन आकड्यांत पुष्कळ गोष्ट कळते.

मंजूर दहा आणि खर्च चार, असे दिसले तर उरलेल्या सहांचे काय झाले, हा प्रश्न आपोआप सुचेल. तो विचारावा. उत्तर लगेच मिळेलच असे नाही. पण प्रश्न विचारणारे दहाजण आहेत हे कळले की, मंजुरी देणारा पेटीत डोकावून पाहू लागतो; आणि तिजोरीचे कुलूप खऱ्या अर्थाने लोकांच्या हाती येते.